दोन टाक्या एकाच शेगडीला जोडाव्यात का? (सांगलीच्या आई-बाबांसाठी विचारतेय)

वेलदोडा

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, पण या वेळी धागा काढावाच लागला.

आई-बाबा सांगलीत, मी पुण्यात. आई ७१, बाबा ७६. बाबांच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलल्या आहेत आणि गेल्या दिवाळीत आईचं उजवं मनगट मोडलं होतं. ते जुळलं, पण जोर राहिला नाही. गॅसचं कनेक्शन डबल आहे. एक टाकी ओट्याखाली चालू असते, दुसरी मागच्या पडवीत.

मागच्या महिन्यात रात्री साडेनऊला टाकी संपली. भाकरी तव्यावर, एक बाजू भाजलेली, दुसरी कच्ची. बाबांनी पडवीतली भरलेली टाकी तिरकी करून कडेवर घरंगळत आणली. ती उंबऱ्याला अडली, मग दोघांनी मिळून उचलली. भरलेली टाकी म्हणजे ३० किलोच्या आसपास! हे मला आईने तीन दिवसांनी सांगितलं, तेही पापडाच्या पिठाबद्दल बोलता बोलता.

आता कोपऱ्यावरच्या दुकानातला शेगडी दुरुस्त करणारा म्हणतोय की पितळेची 'टी' लावून देतो. दोन टाक्या शेजारी, दोन रेग्युलेटर, दोन नळ्या टीला, टीमधून एक नळी शेगडीला. एक संपली की दुसरीचं बटण फिरवायचं, बास. साडेचारशे रुपये. आईला कल्पना भयंकर आवडली आहे. माझ्या मात्र पोटात गोळा आलाय, आणि का आलाय ते मला धड सांगता येत नाही. इंजिनिअर आहे, पण सॉफ्टवेअरची. हसू नका.

कुणी असं जोडलंय का? सुरक्षित आहे का? नसेल तर या दोघांसाठी दुसरं काय करता येईल?

---

खमंग_फोडणी

आमच्याकडे ११ वर्षं टी आहे. काही होत नाही. उलट सोय. बायको तर म्हणते याआधी का नाही लावली. फक्त नळीला क्लिपा चांगल्या घट्ट आवळून घ्या.

---

कट्ट्यावरची_मावशी

वेलदोडा, आधी आईला ओरडू नकोस. तीन दिवसांनी का होईना, सांगितलं ना.

आमच्या सोसायटीत एकीकडे अशी टी बघितली आहे. सुटसुटीत दिसते खरी. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

---

जुना_मेकॅनिक

ताई, मी पंचवीस वर्षं एका गॅस एजन्सीत मेकॅनिक होतो. आता घरी बसून नातवाला सांभाळतो. तुमच्या पोटातला गोळा बरोबर आहे. तो का आलाय ते सांगतो, जरा लांबेल.

फोडणी साहेबांची टी ११ वर्षं चालली, यात नवल नाही. दोन्ही टाक्या जागेवर आहेत, दोन्ही रेग्युलेटर बसलेले आहेत, तोवर काहीच होत नाही. गडबड आहे ती एक टाकी संपून बदलायची वेळ येते त्या दोन मिनिटांत.

असं समजा, डावीकडची संपली. आईंनी उजवीकडचं बटण फिरवलं, स्वयंपाक सुरू. सकाळी गॅसवाला आला. डावीकडच्या रिकाम्या टाकीचा रेग्युलेटर काढला. टाकीच्या तोंडात पिन असते, ती स्प्रिंगने आपोआप वर येऊन टाकी बंद करते. टाकीचं झालं. पण काढलेल्या रेग्युलेटरचं काय? तो नळीने टीला जोडलेला आहे, आणि टीमध्ये उजव्या टाकीचा गॅस आहे. रेग्युलेटरचं काम दाब कमी करायचं. टाकीत ऋतुमानाप्रमाणे पाच-सात किलोचा दाब असतो, तो उतरवून रेग्युलेटर शेगडीला फक्त ३० ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर देतो. मागून उलटा येणारा गॅस अडवायला तो बनवलेलाच नाही. म्हणजे हातातल्या रेग्युलेटरच्या तोंडातून दुसऱ्या टाकीचा गॅस बाहेर येऊ शकतो. आणि तीन फुटांवर डाळ शिजत असते.

नियम असा की आधी उजवी बंद करा, शेगडी विझवा, मग डावी काढा. पण मला सांगा, दुसरी टाकी जोडली कशासाठी? स्वयंपाक थांबू नये म्हणून. मग विझवणार कोण?

दुसरी गोष्ट सांध्यांची. साध्या जोडणीत नळीची दोन टोकं, दोन सांधे. टी लावली की तीन नळ्या, सहा टोकं. आणि नारिंगी सुरक्षा पाइपच्या आत तारांची जाळी असते. तो मधे कापून, क्लिप आवळून पितळेवर चढवायचा नसतो. जाळीची तार सुटते आणि आतून रबर खाते. बाहेरून नळी नवी दिसते.

बाकीचं नंतर लिहितो, नातू उठला.

---

खमंग_फोडणी

काका, मान्य. पण मी टाकी काढताना दुसरी बंद करतोच की. एवढी अक्कल आहे मला. 🙂

---

जुना_मेकॅनिक

तुम्ही करता हो. वहिनी करतात? गौरीला आलेल्या पाहुण्या करतात? आणि टाकी बदलायला येणारा पोरगा? तो दिवसाला पन्नास टाक्या टाकतो. त्याला तुमच्या ओट्याखाली टी आहे हे माहीत असायचं कारण नाही. तो आपला सवयीने कडी ओढतो आणि रेग्युलेटर उचलतो.

---

पॅसिफिकपार

ऑकलंडहून. इथे गंमत अशी की दोन टाक्या जोडलेल्या असणं अगदी सर्रास आहे, म्हणून लिहिते. जिथे पाइपचा गॅस नाही तिथे घराबाहेर ४५ किलोच्या दोन बाटल्या उभ्या असतात. भिंतीला साखळीने बांधलेल्या. दोन्हींतून लवचिक नळ्या (पिगटेल म्हणतात) मधल्या बदलत्या व्हॉल्व्हला येतात. एक संपली की तो आपोआप दुसरीवर जातो. त्यावर छोटी खिडकी असते. तिच्यातली हिरवी खूण लाल झाली की कळतं, एक संपली. आम्ही फोन करतो, माणूस ढकलगाडीवर नवी आणतो, जुनी काढतो. आम्हाला कळतही नाही तो कधी येऊन गेला.

मग भारतातच का नको, हा प्रश्न मलाही पडलाय.

---

जुना_मेकॅनिक

ताई, तुम्हीच उत्तर दिलंत, फक्त शब्द विखुरलेले आहेत. तुमच्याकडचं ते 'दोन टाक्या' नाहीच, मधला व्हॉल्व्ह आहे. एक बाटली काढली तरी दुसरीचा गॅस त्या वाटेने मागे येत नाही, अशी त्याची रचना असते. वर सगळं घराबाहेर, उघड्यावर. आणि बसवणारा परवान्याचा माणूस. साडेचारशेच्या टीमध्ये यातलं काय आहे? तीन तोंडं आहेत.

आपल्याकडे घरगुती कनेक्शनवर एजन्सी एका वेळी एकच टाकी जोडून देते. दुसरी टोपी लावून उभी. डबल कनेक्शनचा अर्थ तेवढाच.

---

तांबडा_पांढरा

कोल्हापुरात माझी छोटी खानावळ आहे, म्हणून दोन शब्द. आमच्याकडे १९ किलोच्या चार टाक्या एका मॅनिफोल्डवर, म्हणजे सगळ्यांना जोडणाऱ्या एका सामाईक पाइपवर आहेत. मागच्या बाजूला, जाळीच्या खोलीत. प्रत्येक टाकीला पिगटेल, प्रत्येकाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (गॅस उलटा मागे जाऊ न देणारा), पुढे एक मोठा रेग्युलेटर.

पण आम्ही चार जोडतो त्याचं कारण 'संपली तर' हे नाही. कारण बर्फ! टाकीत गॅस पातळ असतो. तो उकळून वर येतो तेव्हा टाकीच्याच अंगातली उष्णता ओढून घेतो. डिसेंबरात पहाटे पाचला रश्श्याचं पातेलं आणि भाताची भट्टी एकदम पेटवली की एकट्या टाकीला खालून घाम फुटतो, मग पांढरा थर चढतो, आणि ज्योत बसते. टाकीत निम्मा गॅस आणि शेगडीला उपाशी! चार टाक्या एकदम उघड्या ठेवल्या की प्रत्येकीवर भार कमी.

घरच्या शेगडीला हे लागतच नाही. मोठा बर्नर तासाला दीडशे-दोनशे ग्रॅम खातो. चारही पेटवले तरी १४.२ किलोची एक टाकी आरामात पुरवते. म्हणजे ज्या कारणासाठी टाक्या जोडतात ते कारण तुमच्या घरात नाहीच.

अजून एक, जास्त दाबाच्या बाजूला, म्हणजे रेग्युलेटरच्या आधी, नॉन-रिटर्न नसताना दोन टाक्या जोडल्या आणि एक उन्हात, एक सावलीत असली, तर गरम टाकीतला गॅस गार टाकीत जाऊन पुन्हा पातळ होतो. गार टाकी गरजेपेक्षा जास्त भरू शकते. टाकीत वर मोकळी जागा मुद्दाम सोडलेली असते, ती जाते. युट्यूबवर बघून असलं करणारे भेटलेत मला.

---

दर्यावर्दी

तांबडा_पांढरा, एक शंका. टाकी संपत आली की आम्ही ती आडवी करतो. दोन दिवस जास्त जाते. हे चालतं ना?

---

जुना_मेकॅनिक

नाही! नाही! नाही! आडवी केली की तळातला पातळ गॅस सरळ रेग्युलेटरमध्ये जातो. पातळ गॅसचा वायू झाला की तो अडीचशे पट फुगतो. शेगडीवर ज्योतीऐवजी भडका. गरम पाण्याच्या परातीत टाकी ठेवणारे पण आहेत. त्यांनाही नाहीच सांगतो.

दोन दिवसांचा गॅस किती रुपयांचा होतो, आणि भुवया किती दिवसांनी उगवतात, याचा हिशेब घाला. (हलके घ्या.)

---

दर्यावर्दी

😶 घेतलं. आजपासून बंद.

बरं, मीही एक देतो. आमचं घर मालवणजवळ, जुनं, चुलीच्या खोलीत मोरी. एकदा संध्याकाळी आईला वास आला. टाकी बदलून तासभर झाला होता. टाकीच्या तोंडात जे काळं वायसर असतं ना, तेच चिरलं होतं. एलपीजी हवेपेक्षा जड. खोलीत उभं राहिलं तर वास अंधुक, मोरीपाशी बसलं तर नाकाला झोंबेल असा. सगळा गॅस उतारावरून मोरीत साठलेला.

आईने काय केलं? दिव्याच्या बटणाला हात लावला नाही. फ्रिज होता, तोही बंद करायला गेली नाही, नुसती मागचं दार सताड उघडून आली. शेगडी बंद, रेग्युलेटर बंद. मग रेग्युलेटर काढून टाकीवर ती पांढरी टोपी कट्टकन बसवली आणि टाकी अंगणात माडाखाली नेऊन ठेवली. टोपी बसल्यावर वास थांबला. पंखासुद्धा लावला नाही, पुठ्ठ्याने हवा घातली मोरीकडे. मला ती टोपी म्हणजे नुसतं प्लॅस्टिक वाटायची. तिचा दोरा कापून आम्ही पोरं खेळायला घ्यायचो.

---

जुना_मेकॅनिक

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. पिन गळत असो, वायसर गेलेलं असो, टोपी बसली की गळती थांबते. म्हणून ती दोऱ्याने टाकीला बांधलेली असते. दोरा कापू नका, टोपी ड्रॉवरमध्ये 'नीट' ठेवू नका.

फ्रिज बंद करायला गेल्या नाहीत ते फार शहाणपणाचं. बटण चालू करताना ठिणगी पडते, तशी बंद करतानाही पडते.

आणि १९०६ हा नंबर शेगडीच्या वर लिहून ठेवा. गॅस गळतीसाठीच आहे, रात्रीसुद्धा.

टाकी ताब्यात घेतानाच तपासून घ्यायची. टोपी काढायला लावा, तोंडात चमचाभर पाणी ओता. बुडबुडे आले की पिन गळतेय, टाकी परत. हे गॅसवाल्याचं कामच आहे, कुरकुरला तरी. टाकीच्या कड्याच्या पट्टीवर आतल्या बाजूने एक अक्षर आणि दोन आकडे असतात, जसं 'सी-२९'. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी पुढचे तीन. त्या तिमाहीत टाकीची चाचणी देय. तारीख उलटून गेलेली टाकी घेऊ नका.

---

चिंच_गूळ

अवांतर होतंय पण विचारते. आमच्याकडे पाइपचा गॅस आहे आणि जुनी टाकीही आहे. पाइपचा गॅस गेला की त्याच शेगडीला टाकी लावता येईल ना?

---

जुना_मेकॅनिक

शेगडीचे जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकाची तोंडं, बदलल्याशिवाय नाही. पाइपचा गॅस साधारण २१ मिलिबारने येतो आणि त्याच्यात उष्णता कमी, म्हणून जेटचं भोक मोठं असतं. टाकीचा गॅस ३० मिलिबारने त्याच मोठ्या भोकातून आला की पिवळी, काजळीची, हातभर ज्योत. दोन्ही एकाच शेगडीला टीने जोडणं तर विसराच.

---

पॉलिसीवाला

माझा धंदा विम्याचा, म्हणून तेवढंच बोलतो. बऱ्याच जणांना माहीत नसतं की तेल कंपन्यांनी गॅस ग्राहकांसाठी अपघात विमा काढलेला असतो, ग्राहकाला वेगळा हप्ता नाही. मृत्यू झाल्यास प्रत्येकी ६ लाख, उपचारांना माणशी २ लाखांपर्यंत, घराच्या नुकसानीला २ लाखांपर्यंत, तेही नोंदणी केलेल्या पत्त्यावरच. अपघात झाला की एजन्सीला ताबडतोब लेखी कळवायचं असतं. मग पंचनामा होतो, आणि पाहणीला येणारा माणूस पहिल्यांदा नळी आणि रेग्युलेटर बघतो. आयएसआयचा शिक्का आहे का, एजन्सीचा आहे का. ओट्याखाली दुकानातली टी निघाली तर त्याच्याशी वाद कुठून घालायचा, हे ज्याचं त्याने ठरवावं.

---

कट्ट्यावरची_मावशी

वाखूसा (वाचनखूण साठवली).

आणि मंडळी, गणपतीत काय करायचं तेही सांगा. आमच्याकडे पन्नास-साठ पान असतं. मोदक, वरण-भात, सगळं एकदम. गेल्या वर्षी दोन टाक्या जोडायचा विचार झाला होता.

---

तांबडा_पांढरा

मावशी, दोन टाक्या आणि दोन शेगड्या. प्रत्येकीचा आपला रेग्युलेटर, आपली नळी, एकमेकींशी संबंध नाही. दुसरी शेगडी अंगणात किंवा गच्चीवर, वाऱ्याला आडोसा करून. शेगडी टाकीपेक्षा उंचावर पाहिजे, म्हणून पाट नाही, टेबल घ्या.

आणि मांडववाल्याकडून मोठी भट्टी आणली तर ती घरगुती टाकीला लावू नका. त्या भट्टीला जास्त दाबाचा रेग्युलेटर लागतो, आणि आपली घरची नळी त्या दाबाची नाही. फुगते आणि सुटते. मी बघितलंय, सुटलेली नळी अंगणात सापासारखी फिरते.

---

वेलदोडा

सगळ्यांचे खूप आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आईला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "टी नको हे कळलं. पण माझ्या भाकरीचं काय?" रास्त आहे.

काका, टी नाही तर मग काय? टाकी उचलायची नाही, रात्री बदलायची नाही, एवढंच हवंय.

---

जुना_मेकॅनिक

ताई, दोन टाक्या शेगडीपर्यंत आणण्याऐवजी दोन्ही टाक्या पडवीतच ठेवल्या तर? पडवी स्वयंपाकघराला लागून आहे, मधे एक भिंत, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं.

एजन्सीचा मेकॅनिक तांब्याची नळी टाकून देतो. भिंतीला भोक, त्यात पाइपची बाही, बाहीतून तांब्याची नळी. पडवीच्या बाजूला टाकी आणि रेग्युलेटर, ओट्याच्या बाजूला शेगडीजवळ एक बंद-चालू व्हॉल्व्ह आणि पुढे छोटी सुरक्षा नळी. दुसरी टाकी टोपी लावून शेजारी उभी. एक संपली की रेग्युलेटर फक्त या टाकीवरून त्या टाकीवर ठेवायचा. वजन उचलायचंच नाही. गॅसवाला पडवीतच नवी ठेवेल, उंबरा ओलांडायला नको.

तीन गोष्टी बघा. टाक्यांवर ऊन येता कामा नये. जवळ गटार, मोरी, तळघराची खिडकी नको, गॅस तिकडेच उतरतो. आणि पडवीला पत्रे-काचा लावून ती बंद खोली केलेली नसावी. केली असेल तर खाली, जमिनीलगत, जाळी पाहिजेच.

काम एजन्सीकडूनच. लेखी अर्ज द्या, पावती घ्या. कोपऱ्यावरच्याला नको, तो तांब्याच्या सांध्यावर एम-सील लावेल.

---

वेलदोडा

शनिवार-रविवार सांगलीला जाऊन आले. सविस्तर लिहिते, कुणाला तरी उपयोगी पडेल.

पहिला धक्का पडवीचा नव्हता, ओट्याखालचा होता. काकांनी नळीबद्दल लिहिलं होतं म्हणून बॅटरी घेऊन वाकले. नळीवर बारीक अक्षरांत आयएस ९५७३ आणि पुढे वर्ष छापलेलं. २०१४! सुरक्षा पाइप पाच वर्षांनी बदलायचा असतो ना? शेगडीच्या टोकाशी वाकवून बघितली तर बारीक चिरा. वर आईने तेलाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून तिच्यावर जुन्या टॉवेलचं आवरण शिवलं होतं, प्रेमाने, नाडी लावून. त्यामुळे चिरा कुणाला दिसायचा प्रश्नच नव्हता. मी आठवडाभर टीच्या नावाने झोप उडवून घेत होते आणि नळी तिथे बसली होती.

दुसरं, ओट्याखाली सहा वर्षांपूर्वी सुताराने चकाचक दारं बसवून दिली. खाली फट नाही, वर नाही. म्हणजे टाकी कपाटात बंद.

तिसरं मला सगळ्यात उशिरा कळलं. आईला म्हटलं, रेग्युलेटर काढून-बसवून दाखव. तिला ती खालची काळी कडी वर ओढताच येईना. उजव्या हाताने नाही, डाव्याने नाही. बाबांना येते, पण त्यांना खाली बसता येत नाही. म्हणजे एकाला वाकता येतं, एकाला ओढता येतं. मी मनात ज्याला 'वजनाचा प्रश्न' म्हणत होते तो निम्मा या कडीचा होता.

एजन्सीत गेले. तिथल्या माणसाने आधी "ते नसतं होत घरगुतीला" असं सांगितलं. लेखी अर्ज लिहून पावती मागितल्यावर होतं असं निघालं. मेकॅनिक बुधवारी येणार.

पडवीत एक गटाराची जाळी आहे, टाकी जिथे ठेवायची म्हणत होतो त्याच्या हातभर बाजूला. म्हणून दुसऱ्या टोकाला, तुळशीकडच्या बाजूला ठेवायचं ठरवलं. नळी थोडी लांब जाईल, जाऊ दे.

---

जुना_मेकॅनिक

टॉवेलचं आवरण! पंचवीस वर्षांत अशी शंभर तरी आवरणं काढली असतील. काहींना झालर होती.

कडीसाठी एक करा. टाक्या पडवीत एका बुटक्या, भक्कम चौथऱ्यावर ठेवा, वीटभर उंच, सपाट. बाबांना फार वाकावं लागणार नाही. शेगडीच्या बर्नरपेक्षा टाकी खालीच राहील एवढं बघा. आणि काम झालं की प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावून घ्या, मेकॅनिक समोर असतानाच. काडी पेटवून 'बघणारे' अजून आहेत.

---

कट्ट्यावरची_मावशी

वेलदोडा, एक इंडक्शन पण घेऊन दे. रात्री साडेनऊला संपली तर टाकीला हात लावायचाच नाही. दूध, पिठलं त्याच्यावर, टाकी सकाळी. भाकरी होत नाही त्याच्यावर नीट, ते आईला मान्य करावं लागेल.

---

वेलदोडा

तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय.

तांब्याची नळी झाली. ओट्याखालची दारं बाबांनीच बिजागऱ्यांतून काढली, आता तिथे बटाटे-कांदे आहेत. चौथरा गवंड्याने एका दुपारी केला. नव्या नळीवर आवरण शिवायचं नाही असं आईकडून वदवून घेतलंय. टाकी लावल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची सवय तिला पहिल्यापासून होती. आता दुसरी टाकी लावली की त्याच दिवशी नंबर लावायचा, एवढी भर.

काल संपली. सकाळी, पोह्यांच्या वेळी. बाबांनी शेगडी बंद केली, उभ्या उभ्या रेग्युलेटर बंद करून काढला, रिकामीला टोपी, भरलेलीची टोपी काढली, रेग्युलेटर बसवला. आईने फेस लावला. तिचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. एवढंच म्हणाली, "कट्ट आवाज आला. पोहे गार झाले नाहीत."

---

दर्यावर्दी

👏👏 आमची आई विचारतेय पोह्यात शेंगदाणे होते का.

---

खमंग_फोडणी

इतके दिवस गप्प होतो. कालच वाकून बघितलं. आमच्या टीच्या एका टोकाला क्लिपच्या खाली नळी हिरवट काळी पडली आहे, आणि तार बाहेर आली आहे, टोचेल एवढी. काका, ही टी मी स्वतः काढू का? पाना आहे माझ्याकडे.

---

जुना_मेकॅनिक

पाना जागेवर ठेवा. दोन्ही रेग्युलेटर बंद करा, दोन्ही काढा, दोन्ही टाक्यांना टोप्या लावा. टोप्या आहेत ना? मग टाक्या गॅलरीत, सावलीत उभ्या. शेगडीला आज हात लावू नका. सकाळी एजन्सीला फोन करून मेकॅनिक मागवा, नवी नळी एकच, दीड मीटरच्या आतली. आज वहिनींना सुट्टी, वडापाव आणा.

---

खमंग_फोडणी

एक टोपी सापडली. दुसरी शोधतोय.